जगाच्या शेवटाच्या कादंबऱ्या विकताना

सिंगापूरच्या ब्रास बसा कॉम्प्लेक्समध्ये जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी उमेदीची वर्षं काढली. इमारत १९८० सालची. खालच्या मजल्यांवर दुकानं, वर सरकारी सदनिका. चिनी माणसं तिला ‘पुस्तकांचं शहर’ म्हणतात. दुकानाच्या मालकाला तिकडे तौके म्हणण्याची रीत आहे. आमच्या तौकेने इंग्रजी थ्रिलर आणि ख्रिस्ती पुस्तकं असे दोन विभाग माझ्या हवाली केले होते. दोहोंच्या मधे एक फळी होती. तिच्यावरची पुस्तकं नक्की कोणत्या विभागातली, हे आम्हाला कधीच ठरवता आलं नाही. बायबलातल्या शेवटच्या दिवसांच्या भविष्यावर रचलेल्या राजकीय कादंबऱ्या त्या. राष्ट्राध्यक्ष, गुप्तहेर, क्षेपणास्त्रं, संयुक्त राष्ट्रसंघ हे सगळं त्यांत असतं, आणि कथानकाचा सांगाडा दानीएल, यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतून उचललेला असतो. ही फळी सांभाळता सांभाळता वाचकांबद्दल, भीतीबद्दल आणि कादंबरीबद्दल जे उमगलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी मूळची नगरची. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. हे मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि १८४२ साली तिथेच ‘ज्ञानोदय’ निघालं. आजोबांच्या पलंगाखालच्या पेटीत त्याचे जुने अंक असायचे. प्रकटीकरण आमच्या घरात मोठ्याने वाचलं जाई. आजी सांगायची, १८९९-१९००च्या दुष्काळात तिच्या आईने गाव सोडलं आणि मिशनच्या खडी फोडण्याच्या कामावर ती जगली. त्या पिढीला सहाव्या अध्यायातला काळा घोडा कुणी समजावून द्यावा लागला नाही. त्याच्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू असतो आणि भाव पुकारला जातो: दिवसभराच्या मजुरीत एका माणसाच्या पोटापुरते गहू. असा भाव त्या बायकांनी बाजारात कानांनी ऐकला होता. त्याच पुस्तकाच्या शेवटी रडणाऱ्यांचे डोळे पुसले जातात, म्हणून ते त्यांना प्रिय होतं. पुढच्या वर्षी काय घडणार हे शोधायला त्यांच्यापैकी कुणीही ते उघडत नव्हतं.

ही शिदोरी घेऊन मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिंगापुरात आले आणि दुकानात ‘लेफ्ट बिहाइंड’ पहिल्यांदा हातात घेतलं. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या जोडीची ही मालिका १९९५ साली सुरू झाली, २००७ पर्यंत तिचे सोळा भाग निघाले आणि सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. पहिल्या भागात लंडनकडे निघालेल्या जंबो विमानातले कितीतरी प्रवासी रात्रीतून नाहीसे होतात. आसनांवर त्यांचे कपडे तेवढे राहतात. जगभर हेच घडलेलं असतं. मागे राहिलेल्यांच्या गोंधळात रुमेनियाचा एक देखणा, गोड बोलणारा राजकारणी पुढे येतो. निकोलाय कार्पेथिया त्याचं नाव. तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस होतो, देशांची शस्त्रं मोडीत काढतो, साऱ्या जगाला एक चलन आणि एक धर्म देतो, इराकमध्ये नवं बाबिलोन उभारून तिथून राज्य करतो. हाच ख्रिस्तविरोधी, हे वाचकाने तेवढ्यात ओळखलेलं असतं.

ही पुस्तकं झपाट्याने जात. सैनिकी सेवेतली मुलं पहाऱ्याच्या रात्रींसाठी जाडजूड कादंबऱ्या शोधत येत. एमआरटी मेट्रोने कामावर जाणाऱ्या बाया, रविवारी प्रार्थना उरकून येणारी कुटुंबं, निवृत्त शिक्षक, सगळे येत. पुस्तकाचं नाव फार थोडे घेत. ‘आंटी, सहावा आला का?’ एवढंच विचारत. मधला एखादा भाग सापडला नाही की पुढचा घ्यायला कुणी तयार नसे. मालिकेचा धंदा कसा चालतो, हे मला तिथे कळलं.

या यशाला मी कधी नाक मुरडलं नाही. पहिला भाग खरोखर चांगला पकडतो, आणि त्याचं कारण भविष्यवाणीत नाही. विमानाचा कप्तान रेफर्ड स्टील हा बायकोवर नाराज, मनातून एका हवाईसुंदरीकडे ओढला गेलेला माणूस आहे. बायको आणि धाकटा मुलगा नाहीसे होतात तेव्हा त्याला घरी परतून रिकाम्या खोल्यांतून फिरावं लागतं. ती पानं वाचताना माझा जीव गलबलला होता. रामायण ऐकायला बसलेल्याला रावणाचं पुढे काय होणार हे ठाऊकच असतं; तरी तो उठून जात नाही, कारण मंदोदरीचं काय, बिभीषणाने कसं ठरवलं, यात त्याचा जीव गुंतलेला असतो. शेवट माहीत असलेल्या गोष्टीची सगळी ताकद माणसाच्या निवडीत असते. पुढच्या भागांत मात्र प्रकटीकरणातले शिक्के, कर्णे, वाट्या अशा एकवीस आपत्ती क्रमाने कोसळत जातात आणि माणसं एका आपत्तीतून दुसरीत धावत सुटतात. तिथे वेग वाढतो आणि कादंबरी पातळ होते, असं माझं मत आहे. परत विकायला येणाऱ्या प्रतींतही पहिल्या भागाच्या फार वापरलेल्या, दुमडलेल्या असत, आणि दहाव्या-अकराव्या भागाच्या कोऱ्या.

हा सगळा आराखडा, म्हणजे आधी विश्वासणारे उचलले जाणार, मग सात वर्षांचं संकट, मग अखेरची लढाई, एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडला. १९०९ साली आलेल्या स्कोफील्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलने तो अमेरिकेत घरोघर नेला. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि कितीतरी प्रॉटेस्टंट मंडळ्या तो मानत नाहीत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे माहीत नव्हतं. कादंबरीतलं वेळापत्रक हेच बायबलचं वेळापत्रक, अशी त्यांची समजूत होती. कुणी विचारलं तर मी सांगत असे. लोक ऐकून घेत, आणि पुस्तकही विकत घेत.

कादंबऱ्यांच्या आधीची पिढी हॅल लिंडसीच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’वर पोसलेली होती. ते पुस्तक १९७० सालचं. जुनी घरं रिकामी होताना येणाऱ्या खोक्यांत त्याच्या प्रती हमखास निघत. प्रकटीकरणातल्या श्वापदाची दहा शिंगं म्हणजे युरोपातल्या दहा देशांचा संघ, असं त्यात सांगितलेलं. १९८१ साली ग्रीस आत आला आणि युरोपच्या सामायिक बाजारपेठेत बरोबर दहा देश झाले. तेव्हा किती जणांचा ऊर धडधडला असेल! १९८६ साली स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज सत्तावीस आहेत. अशाच एका प्रतीच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने ख्रिस्तविरोध्याची नावं लिहीत गेलेलं होतं. आधी किसिंजर, ते खोडून गोर्बाचेव्ह, ते खोडून सद्दाम. अक्षर तेच, हात वयाबरोबर थरथरत गेलेला. ती प्रत मी विकायला लावली नाही. इतकी वर्षं हा माणूस पुस्तक उशाशी घेऊन वाट पाहत होता, एवढं मला त्यात दिसलं, आणि त्याच्याबद्दल मनात माया दाटून आली.

सिंगापुरात धर्माची पुस्तकं विकणं जपून करायचं काम आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथाची नोंदणी सरकारने १९७२ साली रद्द केली, कारण त्यांचे तरुण सक्तीची सैनिकी सेवा नाकारत. जगाच्या शेवटाबद्दलची त्यांची प्रकाशनं खोक्यात निघाली तर ती फळीवर ठेवायची नाहीत, हे तौकेने सुरुवातीलाच बजावलं होतं. १९९०चा धार्मिक सलोख्याचा कायदा आहे. सरकारी इमारतींत कोणत्या वंशाच्या किती कुटुंबांनी राहावं याची मर्यादा १९८९पासून ठरलेली आहे, त्यामुळे दाराला दार लागून मलय, चिनी, तमिळ बिऱ्हाडं असतात. कादंबऱ्यांना कुणी अडवत नव्हतं. पण विकणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला हवेत, हे मी २००१ नंतर शिकले.

त्या वर्षी न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि आमची फळी आठवड्याआड रिकामी होऊ लागली. ‘लेफ्ट बिहाइंड’चा त्या ऑक्टोबरात आलेला भाग अमेरिकेत त्या वर्षीची सर्वांत जास्त खपलेली कादंबरी ठरला. वर्ष संपता संपता सिंगापुरातही जेमा इस्लामिया या दहशतवादी संघटनेची माणसं पकडली गेली आणि शहर हादरलं. पुढच्या वर्षी जोएल रोझेनबर्गची ‘द लास्ट जिहाद’ आली. तिच्या सुरुवातीलाच एक विमान अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यावर आदळायला येतं, आणि हे त्याने अकरा सप्टेंबरच्या आधी लिहिलं होतं. २००५ साली त्याचीच ‘द इझिकिएल ऑप्शन’ आली. यहेज्केलच्या ३८ आणि ३९ व्या अध्यायांतल्या गोग-मागोगच्या जागी रशिया आणि इराण यांची युती, समोर इस्रायल. रोझेनबर्गला राजकारणाची आतली माहिती आहे; बैठका, सल्लागार, पडद्यामागची घासाघीस तो लाहे-जेन्किन्सपेक्षा खूप सरस लिहितो.

एक मलय विद्यार्थी नेहमी हेरकथा न्यायचा. एकदा त्याने ही कादंबरी उचलली, मागचा मजकूर वाचला आणि मला विचारलं, ‘आंटी, यात आमचं काय होतं?’ मी खरं ते सांगितलं: फौजा चालून येतात आणि आकाशातून आलेल्या आगीत नष्ट होतात. तो शांतपणे म्हणाला, ‘याजूज-माजूज आमच्या कुराणातही आहेत. आम्हीपण त्यांना भितो.’ मग दज्जाल या त्यांच्याकडच्या ख्रिस्तविरोध्याबद्दल आणि शुक्रवारी वाचायच्या सूरे-कहफबद्दल त्याने मला समजावलं. मी माझ्या आजोबांकडून ऐकलेलं आणि त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं, दोन्ही आम्ही गल्ल्याशी उभं राहून ताडून पाहत होतो. त्या दिवसापासून या फळीवरचं प्रत्येक पुस्तक मी त्याच्या प्रश्नासकट वाचू लागले. यात या मुलाचं काय होतं?

तसं वाचू लागल्यावर नकाशातली मोठी रिकामी जागा दिसली. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात वीस कोटींचं घोडदळ आहे, सोळाव्यात पूर्वेकडच्या राजांसाठी फरात नदी आटते. लिंडसीने यातून चीन काढला, आणि पुढे कित्येक लेखकांनी तोच धागा धरला. वीस कोटी माणसं नदी ओलांडून मरायला येतात आणि त्यांतल्या एकालाही नाव नसतं. ही पुस्तकं मी सिंगापुरात विकत होते, जिथे चारांतली तीन माणसं चिनी वंशाची आहेत. एका घरगुती बायबल अभ्यासगटाची बाई पाच-सहा प्रती एकदम न्यायची. तिचे आजोबा चीनमधल्या फूच्यानहून आलेले. हा वीस कोटींचा विषय मी काढला तेव्हा ती म्हणाली, वाचताना मी नेहमी अमेरिकन वैमानिकाच्या बाजूला असते, नदीच्या पलीकडे आपलीच माणसं आहेत हे कधी मनातच आलं नाही. पुढच्या खेपेला येऊन तिने सांगितलं की गटात यावर दोन संध्याकाळ बोलणं झालं आणि काही जणांना ते अजिबात रुचलं नाही.

पण मला खऱ्या अर्थाने वळवलं ते ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी. मी त्यांना अंकल म्हणे. मिशनच्या शाळेत शिकलेले, नेटकं इंग्रजी बोलणारे. त्यांनी मालिकेचे पहिले सात भाग ओळीने नेले. आठवा ‘द मार्क’. त्यात ख्रिस्तविरोध्याचं राज्य प्रत्येकाच्या कपाळावर किंवा हातावर खूण करतं, आणि खूण नसेल त्याला ना खरेदी ना विक्री. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातली ही गोष्ट. तो भाग त्यांनी दोन दिवसांत परत आणून दिला. पैसे नकोत म्हणाले. मग बाही वर करून कोपराखालची जागा दाखवली. तिथे काही नव्हतं. ‘इथे होता,’ म्हणाले.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलं. तिसऱ्या दिवसापासून चिनी पुरुषांची छाननी सुरू झाली. अठरा ते पन्नास वयाच्यांनी ठरलेल्या ठिकाणी जमायचं होतं. रस्ते तारांनी बंद केलेले, माणसं उन्हात दिवस दिवस बसून. जे सुटले त्यांना ‘तपासला’ असं लिहिलेली चिठ्ठी मिळे. चिठ्ठी नसेल तर तोच शिक्का अंगरख्यावर, दंडावर, काहींच्या तोंडावरसुद्धा मारत. बाकीच्यांना ट्रकांत भरून समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि गोळ्या घातल्या. जपानी बाजूने पाचेक हजारांचा आकडा कबूल केला. सिंगापूरचे चिनी लोक तो पन्नास हजारांपर्यंत सांगतात. अंकलच्या हातावर शिक्का उमटला होता. त्यांच्या थोरल्या भावाला दुसऱ्या रांगेत पाठवलं. शाई पुसू नये म्हणून त्यांची आई कित्येक दिवस त्यांना अंघोळ करू देत नव्हती.

ते म्हणाले, पुस्तकात खूण घेणारा प्रत्येक जण बेइमान आहे. ज्याने हे लिहिलं तो कधी रांगेत बसलेला नाही. यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. दुकान बंद झाल्यावर मी बीच रोडवरच्या नागरी युद्धस्मारकापर्यंत चालत गेले. दुकानापासून ते जवळच आहे. एकमेकांना चिकटून उभे चार उंच पांढरे खांब, चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन या चौघांचे. खाली सापडलेल्या अस्थी ठेवलेल्या आहेत. १९६७ साली, शरणागतीच्या पंचविसाव्या वर्षदिनी, तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी त्याचं अनावरण केलं. नगरला आजी काळ्या घोड्याबद्दल ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज मला अंकलच्या बोलण्यात ऐकू आला होता. प्रकटीकरण पात्मस बेटावर हद्दपार झालेल्या एका माणसाने रोमच्या साम्राज्याखाली भरडल्या जाणाऱ्या मंडळ्यांना लिहिलं. त्यांना छळणारा कोण, हे त्यांना रोज दिसत होतं. सुरक्षित घरात बसून तेच पुस्तक वाचणारा मात्र छळणाऱ्याचा शोध दूरच्या देशांत घेऊ लागतो. या कादंबऱ्यांचं सगळं बळ आणि सगळा दोष इथे आहे, असं मी आज ठामपणे म्हणेन.

२०२०च्या एप्रिलात महामारीने दुकानं बंद झाली आणि मग कुठेही शिरताना फोनवर नोंद करावी लागू लागली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी मला विचारलं, हीच ती खूण का? मी त्यांना अंकलची हकिगत सांगितली. खुणेने कुणाचा जीव वाचतो, कुणाचा जातो आणि रांगेच्या टोकाशी बंदूक घेऊन कोण उभं आहे, हे आधी बघा, म्हटलं.

या फळीवरचं सर्वांत चांगलं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर रॉबर्ट ह्यू बेन्सनची ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ हे आहे. १९०७ साली लिहिलेली. बेन्सन कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा, स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू झालेला. त्याचा ज्युलियन फेल्सनबर्ग पूर्व आणि पश्चिम यांच्यातलं युद्ध टाळतो, म्हणून लोक त्याच्या पायाशी लोळण घेतात. बेन्सनला त्या लोकांची दया येते, हे महत्त्वाचं. खासदाराची बायको मेबल फेल्सनबर्गवर अगदी मनापासून श्रद्धा ठेवते, आणि त्याच्या राज्यात कत्तल होऊ शकते हे पाहून आतून मोडते. शत्रूच्या गोटातली ही बाई मला त्या कादंबरीतली सर्वांत जिवंत वाटते. पोप फ्रान्सिस ही कादंबरी वाचा असं लोकांना सांगत. सप्टेंबर २०२४मध्ये ते सिंगापूरला आले, तेव्हा पुष्कळांनी ती शोधली.

एका तरुण अभियंत्याने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्याकडे वाचायला दिलं होतं. चांगी विमानतळ, नाहीसा झालेला वैमानिक, युरोपातला खलनायक. वाचून झाल्यावर मी त्याला एवढंच विचारलं की तुझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं काय झालं? वर्ष-दीड वर्षाने त्याने नवा खर्डा आणला. त्यात खलनायक जेमतेम चार पानं येतो. बाकी कथा एका सरकारी इमारतीच्या सामाईक व्हरांड्यात घडते. रेशनपत्रासाठी एका कागदावर सही करायची आहे. मलय आजी करत नाही, तिचा मुलगा करतो, आणि चिनी निवृत्त हवालदाराला कोण सही करत नाही याची यादी द्यायची आहे. श्वास रोखून मी ते वाचलं. क्षेपणास्त्र एकही नव्हतं. ते अजून छापलं गेलेलं नाही. प्रकाशकांना ते फार संथ वाटतं. त्यांचं मत मला पटत नाही.

आपल्याकडेही भविष्याची ओढ कमी नाही. १९६२ सालच्या फेब्रुवारीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रहांची युती, होती तेव्हा देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडून पावसापाण्याबरोबर राजाच्या गादीचंही भाकीत करतात, आणि वर्तमानपत्रं ते दरवर्षी छापतात. असं भाकीत आणि सत्ताकारण यांची सांगड घालून मराठीत कुणी दमदार कादंबरी लिहील, अशी मला आशा आहे. त्याने बेन्सन जरूर वाचावा, रोझेनबर्गकडून बैठकीचा प्रसंग रंगवायला शिकावा. आणि पहिलं प्रकरण लिहायच्या आधी नदीपलीकडच्या त्या वीस कोटींतल्या एकाचं तरी नाव, गाव आणि घरी त्याची वाट कोण पाहतंय, एवढं ठरवून घ्यावं.